निपचित आणि निश्चिंत : मार्जारकुळावरील शामक औषधांच्या अभ्यासाची प्रस्तावना

मांजराला औषध देऊन शांत केले, असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा त्या एका वाक्यात निदान चार निरनिराळ्या अवस्था एकवटलेल्या असतात. पहिलीत मांजर जागे असते, चालते-फिरते, पण त्याची भीती ओसरलेली असते. हे भयशमन होय. दुसरीत ते तंद्रीत जाते, पापण्या जड होतात, मात्र हाक मारली किंवा चिमटा काढला तर प्रतिसाद देते. हिला शामक अवस्था आणि बोलण्यात गुंगी म्हणतात. तिसरीत वेदनेची जाणीवच हरपते आणि शस्त्रक्रिया करता येते, ही भूल. चौथीत शरीर जागच्या जागी खिळते, परंतु त्या शरीराच्या आत ऐकणे, पाहणे आणि घाबरणे कितपत चालू आहे हे वापरलेल्या औषधावर ठरते. या अवस्थेला निश्चलीकरण म्हणतात. वर्तमानपत्रात 'बिबट्याला बेशुद्ध करून जेरबंद केले' असे छापून येते, दवाखान्यात 'इंजेक्शन देऊन झोपवले' असे सांगितले जाते, आणि 'बेशुद्ध' व 'झोप' या दोन शब्दांत या चारही अवस्था बुडून जातात. प्रस्तुत ग्रंथाचा सारा खटाटोप या अवस्था वेगवेगळ्या ओळखता याव्यात यासाठी आहे, कारण निपचित पडलेले मांजर निश्चिंत असतेच असे नाही, आणि हा फरक न ओळखल्याची किंमत कधी मांजर मोजते, तर कधी त्याला हाताळणारा माणूस.

हा विषय काटोलसारख्या तालुक्याच्या गावातून पाहिला म्हणजे त्याचा आवाका चटकन ध्यानात येतो. नागपूरपासून सुमारे साठ किलोमीटरवर, जाम नदीच्या काठी, संत्र्यांच्या बागांनी वेढलेल्या या गावात मांजर घराघरांत आहे. आणि त्याच कुळातील वाघ व बिबट्या यांचा वावर असलेली बोर, पेंच आणि मेळघाट ही जंगले विदर्भाच्या याच भागात आहेत. ग्रामीण भागातील पशुवैद्यकीय दवाखान्याची घडण मुख्यत्वे गाय, बैल, म्हैस आणि शेळी यांच्यासाठी झालेली असते, त्यामुळे फळीवरची औषधेही त्याच बेताची असतात. झायलाझीन हे त्यांतले नेहमीचे शामक. घोड्याला लागणाऱ्या मात्रेच्या साधारण दहाव्या भागातच गायबैल आडवे होतात, इतके ते या औषधाला हळवे असतात. मांजराला दर किलोमागे बैलापेक्षा कितीतरी अधिक मात्रा लागते, पण त्याचे एकूण वजनच चार किलोच्या आसपास असल्याने सिरिंजवरची एक रेघ चुकली तरी मात्रा धोक्याच्या हद्दीत जाते. एकच बाटली, तीन प्राणी आणि तीन वेगळी गणिते, अशी ही स्थिती आहे. ज्याने बैलावर हात बसवला आहे त्याला मांजर नव्याने शिकावे लागते, हे या ग्रंथाचे पहिले गृहीतक आहे.

मांजर म्हणजे लहान आकाराचा कुत्रा, ही समजूत पशुवैद्यकात फार काळ टिकली आणि तिने पुष्कळ नुकसान केले. मांजराचे यकृत मुळातच वेगळे आहे. शरीरात शिरलेल्या अनेक औषधांना ग्लुक्युरोनिक आम्ल जोडून ती पाण्यात विरघळण्याजोगी करणे आणि लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर टाकणे, हे यकृताचे एक मोठे काम आहे. या प्रक्रियेला ग्लुक्युरोनिडेशन म्हणतात. तिच्यातील एका महत्त्वाच्या विकराचे जनुक मांजरात निकामी झालेले आहे, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसले की हा दोष घरच्या मांजरापुरता मर्यादित नसून सबंध मार्जारकुळात आढळतो. पिढ्यान्‌पिढ्या निव्वळ मांसावर जगणाऱ्या या कुळाला वनस्पतींतील विषारी द्रव्ये पचवण्याची गरज उरली नाही आणि ते जनुक हळूहळू निरुपयोगी झाले, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची साधी गोळी मांजराच्या जिवावर उठते, ती मुख्यतः यामुळेच. माणसाला सर्रास दिले जाणारे डायझेपाम काही मांजरांना तोंडावाटे दिल्यावर यकृताचा तीव्र नाश होऊन मृत्यू ओढवल्याची नोंद १९९६ मध्ये झाली. कोणत्या मांजरात तसे होईल हे आधी ओळखता येत नाही. शिरेतून दिले जाणारे प्रोपोफॉल एका वेळेपुरते उपयुक्त असले, तरी ओळीने अनेक दिवस दिल्यास मांजराच्या तांबड्या पेशींना इजा पोचते. घरातल्या माणसाच्या औषधांच्या डब्यातून मांजरासाठी काही काढू नये, या सल्ल्यामागे असे ठोस शरीरशास्त्र उभे आहे.

या शास्त्राचा इतिहास माणसाच्या भूलशास्त्राच्या पाठोपाठ चालत आला. १८४६ मध्ये ईथरचा जाहीर प्रयोग झाला आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये एडवर्ड मेह्यू यांनी कुत्र्या-मांजरांवर ईथर वापरून पाहिले. १९१५ मध्ये फ्रेडरिक हॉबडे यांचे प्राणी आणि पक्षी यांच्या भुलेवरील पुस्तक आले. १९१९ मध्ये ब्रिटनमध्ये काही शस्त्रक्रियांसाठी प्राण्यांना भूल देणे कायद्याने बंधनकारक झाले. १९३० च्या दशकात पेंटोबार्बिटल आले आणि शिरेतून दिलेल्या एका इंजेक्शनने मांजर तासन्‌तास झोपवता येऊ लागले, मात्र त्या झोपेतून ते परत किती वेळाने आणि कोणत्या अवस्थेत येईल याचा भरवसा नसे. खरा पालट १९५० नंतरच्या बारा-तेरा वर्षांत झाला. १९५० च्या अखेरीस फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझीन तयार झाले आणि त्याच घराण्यातील ॲसिप्रोमाझीन पशुवैद्यकात रुळले. १९६२ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीत मूळ रक्तदाबावरील औषध म्हणून झायलाझीन तयार झाले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत काल्विन स्टीव्हन्स यांनी केटामीन तयार केले. आज विदर्भातील मांजरापासून वाघापर्यंत सर्वांवर जी जोडी वापरली जाते, ती अशी एकाच वर्षी, दोन खंडांत, एकमेकींची खबर नसताना जन्माला आली.

प्रत्येक औषधवर्गाचा मांजराच्या वागण्यावर उमटणारा ठसा वेगळा असतो, आणि हा ठसा वाचता येणे हीच या विषयाची बाराखडी होय. ॲसिप्रोमाझीन दिलेले मांजर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट तिसरी पापणी बाहेर आलेली, मान टाकलेली असे दिसते. त्याचा रक्तदाब उतरतो, हालचाल मंदावते, पण भीती कमी होतेच असे नाही, म्हणून फटाक्यांच्या किंवा प्रवासाच्या भीतीवर एकट्या ॲसिप्रोमाझीनचा वापर आता योग्य मानला जात नाही. झायलाझीन आणि त्याच गटातील डेक्समेडेटोमिडीन ही औषधे मेंदूतील नॉरॲड्रेनलिनचा स्राव रोखतात. ती टोचल्यावर काही मिनिटांतच मांजराला बहुधा ओकारी येते, नाडी संथ होते, हिरड्या फिक्या पडतात, रक्तातील साखर वाढते आणि लघवी अधिक होते. लघवी तुंबलेल्या बोक्याला ही औषधे देताना हा शेवटचा परिणाम घातक ठरू शकतो. या गटाची जमेची बाजू अशी की ॲटिपामेझोल किंवा योहिम्बिन या उलट औषधांनी मांजराला लवकर शुद्धीवर आणता येते. धोक्याची बाजू अशी की गाढ गुंगीत दिसणारे मांजर मोठ्या आवाजाने किंवा अचानक स्पर्शाने क्षणात जागे होऊन चावू शकते. आणि ही गोष्ट टेबलावरच्या मांजराइतकीच झुडपाखाली पडलेल्या बिबट्यालाही लागू आहे.

केटामीन हे या साऱ्यांत सर्वांत गैरसमज झालेले औषध. ते मेंदूच्या निरनिराळ्या भागांमधला संवाद तोडते, म्हणून त्याच्या अवस्थेला वियोजी भूल म्हणतात. अशा भुलेतील मांजर टेबलावर डोळे सताड उघडे ठेवून पडलेले असते, बाहुल्या विस्फारलेल्या असतात, पाय ताठ होतात, लाळ गळते, बोट जवळ नेले तर पापणी हलतेही. पाहणाऱ्याला ते जागे आहे असे वाटते, आणि नवख्याच्या हातून दुसरी मात्रा दिली जाण्याचा धोका याच क्षणी असतो. उघडे राहिलेले बुबुळ कोरडे पडून जखम होऊ नये म्हणून डोळ्यांत मलम घालावे लागते, ही बाब इतकी साधी आहे की ती विसरली जाते. केटामीन आणि त्याचे रूपांतरित द्रव्य मांजरात बव्हंशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडाचा आजार असलेल्या म्हाताऱ्या मांजरात त्याचा अंमल लांबतो. शुद्धीवर येताना मांजर मान डोलावते, हवेत काहीतरी पकडू पाहते, दचकून उड्या मारते. आणि या औषधाला उलट औषध नाही, ते उतरण्याची वाट पाहणे एवढेच हाती असते. टायलेटामीन आणि झोलाझेपाम यांच्या मिश्रणात आणखी एक गंमतीदार वाटणारा, पण मोलाचा भेद आहे : कुत्र्यात त्यातले शामक आधी उतरते आणि तो बेचैन होऊन उठतो, मांजरात ते शामकच अधिक काळ टिकते आणि मांजर हळूहळू, शांतपणे उठते. मॉर्फिनने कुत्रा झोपतो आणि मांजर पिसाळते, अशी जुन्या ग्रंथांतली ठाम समजूत होती. ती अवाजवी मोठ्या मात्रांमुळे झाली होती, आणि योग्य मात्रेत मांजरांनाही या गटाची वेदनाशामके देता येतात, हे आता मान्य झाले आहे.

या ज्ञानाभोवती कालांतराने तीन विचारप्रवाह उभे राहिले. पहिला भूलतज्ज्ञांचा. त्याचा भर मोजमापावर : नाडी, श्वास, तापमान, रक्तातील प्राणवायू आणि मृत्यूचे प्रमाण. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात झालेल्या मोठ्या पाहणीत भूल किंवा गुंगी दिलेल्या मांजरांत मृत्यूचे प्रमाण ०.२४ टक्के, तर कुत्र्यांत ०.१७ टक्के आढळले. त्याहून बोलका निष्कर्ष असा की मेलेल्या मांजरांपैकी साठ टक्क्यांहून अधिक मांजरे शस्त्रक्रिया आटोपल्यानंतर, आणि त्यांतलीही बरीचशी पहिल्या तीन तासांत मेली. म्हणजे ज्या वेळी सर्वांना काम झाले असे वाटते, तीच वेळ सर्वांत धोक्याची होती. नाडी आणि प्राणवायू यांवर लक्ष ठेवले गेले तेथे धोका कमी होता, हेही त्याच पाहणीत दिसले. वरवर धडधाकट दिसणाऱ्या मांजरांतही हृदयाच्या स्नायूचा जाडपणा लपलेला असतो. ब्रिटनमधील एका अभ्यासात अशा मांजरांचे प्रमाण सुमारे १५ टक्के निघाले, आणि केटामीनने वाढणारी नाडी अशा हृदयाला झेपत नाही.

दुसरा प्रवाह वर्तनतज्ज्ञांचा. त्याचा प्रश्न असा की मांजर दवाखान्यात पोचण्याआधीच भीतीने अर्धमेले झाले असेल तर टेबलावरच्या औषधाला काय अर्थ उरतो. मांजराच्या ताणाची पायरी त्याच्या अंगस्थितीवरून, कानांवरून आणि बाहुल्यांवरून ठरवणारी सात टप्प्यांची मापनपद्धती १९९७ मध्ये मांडली गेली, आणि वेदना चेहऱ्यावरून ओळखणारी पद्धती २०१९ मध्ये. घरून निघण्याआधी दिलेल्या गाबापेन्टिनने मांजराची भीती कमी होते, हे गेल्या दशकात अभ्यासांतून दिसले, आणि याच कारणासाठी प्रिगाबालिनचे मांजरांकरिता तयार केलेले द्रावण युरोपात २०२१ मध्ये व अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झाले. ही औषधे दिलेले मांजर डुलत चालते, म्हणून त्याला कपाटावर किंवा गच्चीच्या कठड्यावर चढू देऊ नये, हे या प्रवाहाने आवर्जून सांगितले. दवाखान्यातून परतलेल्या मांजराला घरातलेच दुसरे मांजर ओळखत नाही आणि त्याच्यावर धावून जाते, कारण त्याच्या अंगाचा वास बदललेला असतो, हे निरीक्षणही याच प्रवाहाचे.

तिसरा प्रवाह वन्यजीव-पशुवैद्यांचा. त्यांच्यापुढचा प्राणी तपासता येत नाही, त्याचे वजन अंदाजाने ठरवावे लागते, त्याला उपाशी ठेवता येत नाही आणि औषध दुरून बंदुकीच्या बाणातून पोचवावे लागते. १९५० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये कॉलिन मर्डॉक यांनी आणि अमेरिकेत जॉर्जियातील संशोधकांनी अशा बंदुका घडवल्या. जर्मनीतील म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयात ठरलेले, दर मिलीलिटरमध्ये १२५ मिलीग्रॅम झायलाझीन आणि १०० मिलीग्रॅम केटामीन असलेले मिश्रण भारतातील वनखात्यांच्या ओळखीचे आहे. १९७३ मध्ये नेपाळच्या चितवनमध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाने वाघांना गुंगी देऊन गळ्यात रेडिओ-पट्टा बांधण्याची वाट दाखवली; महाराष्ट्रात २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वर येथे पकडून माळशेज घाटात सोडलेला 'आजोबा' हा बिबट्या मुंबईपर्यंत चालत गेल्याचे त्याच्या पट्ट्यामुळेच कळले. टायलेटामीन-झोलाझेपाम दिलेल्या वाघांत औषध उतरल्यावरही चेताविकाराची लक्षणे दिसल्याच्या नोंदी असल्याने अनेक वन्यजीव-पशुवैद्य वाघासाठी ते टाळतात. म्हणजे एकाच कुळातील दोन प्राण्यांनाही एक नियम लावता येत नाही.

तापमानाचे उदाहरण हे तिन्ही प्रवाह एकत्र आणते. मांजराचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते आणि गुंगीत शरीराची तापमान सावरण्याची शक्ती मंदावते. दवाखान्याच्या थंड लोखंडी टेबलावरचे चार किलोचे मांजर म्हणून गारठते आणि त्याला उबदार कपड्यात गुंडाळावे लागते; तर पारा ४५ अंशांवर गेलेल्या वैदर्भीय मे महिन्यात बाण लागलेला बिबट्या त्याच औषधाने तापत जातो, त्याला सावलीत ओढून, डोळ्यांवर फडके बांधून, पोटावर व मांड्यांवर पाणी ओतत श्वास मोजत बसावे लागते. औषध तेच, कूळ तेच, आणि धोका नेमका उलट.

विदर्भाने या शास्त्राची कसोटी जवळून पाहिली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा भागातील टी-१ अर्थात अवनी या वाघिणीला आधी गुंगी देऊन पकडण्याचा प्रयत्न करावा, असा आदेश होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीने मेली, तिचे शवविच्छेदन नागपूरच्या गोरेवाडा येथे झाले, आणि तिच्या अंगावर सापडलेला गुंगीचा बाण केव्हा आणि कसा लागला हा चौकशीचा व वादाचा मुख्य मुद्दा ठरला. त्याआधी, २०१७ मध्ये, ब्रह्मपुरी परिसरात पकडलेली एक वाघीण जुलैअखेरीस बोर व्याघ्र प्रकल्पात सोडण्यात आली. ती व्याघ्र प्रकल्पाबाहेर दूरवर भटकत राहिली आणि ऑक्टोबरमध्ये वर्धा जिल्ह्यात शेताच्या कुंपणातील विजेच्या धक्क्याने मेली. पहिल्या घटनेत गुंगीच्या औषधाची वेळ आणि हाताळणी यांचा प्रश्न होता. दुसरीत पकडण्याचे काम पार पडले होते, पण औषधाचा अंमल काही तासांचा आणि त्यानंतरच्या निर्णयाचा परिणाम आयुष्यभराचा, हे तिने दाखवून दिले. दोन्ही घटनांची मांडणी या ग्रंथात कोणाला दोषी ठरवण्यासाठी केलेली नाही. गुंगी देणे ही एक क्षणिक कृती नसून आधीची तयारी आणि नंतरची जबाबदारी यांसह एक लांबलचक प्रक्रिया आहे, हे त्यांतून शिकायचे आहे.

औषधांच्या बाटलीबाहेरही हा विषय पसरलेला आहे. पावसाळ्यात पडीक जागी उगवणारी खोकली ही वनस्पती मराठी वाचकाला औषधी म्हणून ठाऊक असते. तिचे मूळ उपटले की मांजरे त्यावर अंग घासतात, लोळतात, लाळ गाळतात, आणि मल्याळममध्ये तर तिचे एक नावच मांजराला भुलवणारी अशा अर्थाचे आहे. पाश्चात्त्य देशांतील कॅटनिप या वनस्पतीतील नेपेटालॅक्टोन नावाच्या द्रव्यानेही मांजरे अशीच धुंद होतात. ही धुंदी काही मिनिटांत उतरते आणि तिला शामक म्हणता येत नाही, तरी मांजराच्या मेंदूत वासावाटे केवढी उलथापालथ होऊ शकते याची ती साक्ष देते, आणि गावकुसाबाहेरच्या या झुडपाचा पद्धतशीर अभ्यास अजून व्हायचा आहे.

आज या विषयाची निकड वाढण्याची कारणे उघड आहेत. मांजर उंदरांपुरते पाळण्याचा काळ मागे पडून ते घरातले माणूस मानले जाऊ लागले आहे, आणि त्याच्या नसबंदीसाठी, दातांसाठी, जखमांसाठी तालुक्याच्या गावीही भूल मागितली जाते. दुसरीकडे केटामीनचा नशेसाठी गैरवापर होत असल्याने २०११ मध्ये ते अमली व मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या कायद्याखाली आले; या नियंत्रणाची गरज वादातीत आहे, पण त्यामुळे साठा, नोंदवही आणि कुलूपबंद कपाट यांची जबाबदारी छोट्या दवाखान्यावरही पडली. १८८६ मध्ये सुरू झालेले मुंबईचे आणि १९५८ मध्ये सुरू झालेले नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय, तसेच २००० मध्ये नागपुरात स्थापन झालेले महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ यांनी या क्षेत्रात पिढ्या घडवल्या. मात्र त्या पिढ्यांचे शिक्षण इंग्रजीत झाले आणि मांजर घेऊन येणारा माणूस मराठीत विचारतो. 'ते अजून डोळे उघडे ठेवून का पडले आहे', 'कधी खायला घालू', 'ते मला ओळखत का नाही', या तीन प्रश्नांची नीट मराठी उत्तरे मिळाली असती तर टळले असते असे कितीतरी अपघात आहेत.

प्रस्तुत ग्रंथ ती उत्तरे मराठीत देऊ पाहतो. त्याचा वाचक म्हणून पशुवैद्यकाचा विद्यार्थी, दवाखान्यातील सहायक, वनरक्षक आणि मांजर पाळणारे कुटुंब या सर्वांना डोळ्यांपुढे ठेवले आहे, म्हणून प्रत्येक संज्ञा तिच्या पहिल्या उल्लेखाबरोबर उलगडली आहे आणि 'गुंगी', 'भूल', 'उतरणे', 'शुद्धीवर येणे' हे लोकांच्या तोंडचे शब्द नेमका अर्थ ठरवून वापरले आहेत. मात्रांचे कोष्टक मात्र येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण मात्रा ही समोरच्या प्राण्याचे वजन, वय, हृदय आणि मूत्रपिंड पाहून पशुवैद्यानेच ठरवायची असते, आणि पुस्तकातला आकडा अनधिकृत हाती पडला की तो औषध राहत नाही. त्याऐवजी पाहणे शिकवण्यावर भर आहे : हिरडीचा रंग, बोटाने दाबल्यावर तो परतायला लागणारा वेळ, छातीची वरखाली, कानाचे टोक, बुबुळाची चकाकी.

मराठीत शुद्ध हरपणे आणि शुद्धीवर येणे हे दोन्ही वाक्प्रचार जोडीने येतात, आणि या शास्त्राचे सारे नीतिशास्त्र त्या जोडीत सामावले आहे : ज्याने शुद्ध हरपवली, त्यानेच प्राण्याला शुद्धीवर आणून सोडायचे असते. काटोलच्या एखाद्या दवाखान्यात शस्त्रक्रिया आटोपल्यावर मांजराला टोपलीत घालून लगेच घरी न धाडता, मान सरळ ठेवून, कुशीवर, अंधाऱ्या उबदार कोपऱ्यात झोपवून कोणी पहिले तीन तास दर काही मिनिटांनी त्याचा श्वास पाहायला आले, तर या ग्रंथाच्या लेखनामागचा हेतू सफल झाला असे मानता येईल.